किनाऱ्यावरच्या आगटीची वहिवाट

उष्ण कटिबंधातील एखाद्या निवांत बेटावर जावे, पाण्याच्या काठी झाडाखाली बसावे, समोरच्या निखाऱ्यांवर मासा उलटसुलट भाजला जात असताना घड्याळाकडे न पाहता गप्पा माराव्यात आणि मग केळीच्या पानावर हाताने सोलून जेवावे, ही अभिलाषा अलीकडे नेरूळच्या कित्येक घरांत इतकी खोल रुजली आहे की, तिच्या पूर्ततेसाठी माणसे वर्षभर पैसा साठवून बाली, फुकेत किंवा मॉरिशस गाठतात. या अभिलाषेत गैर असे काही नाही. ज्याचा सारा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने आणि कचेरीच्या हजेरीने बांधलेला आहे, त्याने वर्षातून चार दिवस वाऱ्यावर आणि पाण्यावर सोपवावेत, हे न्याय्यच आहे. परंतु ज्या नेरूळहून ही माणसे निघतात, ते ठाणे आणि पनवेल या दोन खाड्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे, त्याच्या मूळ रहिवाशांत आगरी आणि कोळी यांचाच भरणा होता, आणि तेथून सरळ रेषेत फार दूर नसलेल्या घारापुरीच्या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आजही नांदत आहेत, या गोष्टी त्यांच्या हिशेबात क्वचितच येतात. घारापुरी म्हणजे लेणी, इतकेच आपल्याला शिकवलेले असते. लेण्यांच्या पायथ्याशी चुली पेटतात आणि त्या चुलींना एक इतिहास, एक हंगाम आणि एक हक्क आहे, याची वाच्यता फारशी होत नाही.

प्रस्तुत संवाद पौषातील एका दुपारी शेतबंदरच्या एका अंगणात झाला. बोलणारे दोघेही नेरूळचेच. एक करावे गावचे वृद्ध नाखवा, ज्यांच्या घराण्याची होडी खाडीत चालत आलेली. दुसरे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि रेल्वे नेरूळपर्यंत आली त्या सुमारास, म्हणजे 1993 च्या आगेमागे, येथे सदनिका घेऊन स्थायिक झालेले गृहस्थ, ज्यांना त्यांच्या खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे सारेच ‘भाऊसाहेब’ म्हणतात. 12 जानेवारी 2024 पासून नेरूळहून थेट उरणपर्यंत लोकल धावू लागल्याने आम्ही तिघांनी लोकलनेच उरण गाठले, तेथील मोरा बंदरावर आलो आणि नाखवांच्या ओळखीच्या होडीने बेटावर उतरलो. अंगण त्यांच्या आप्तांचे होते. नाखवांचे बोलणे आगरी-कोळी वळणाचे; ते येथे लेखी मराठीत उतरवले आहे.

अंगणात पोपटी लावण्याची तयारी चालली होती. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, मार्गशीर्ष-पौषात त्याच्या शेंगा भरायच्या, आणि नेमका त्याच सुमारास शेताच्या बांधावर भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला माजलेला असायचा. रायगडच्या शेतकऱ्याने या दोहोंचा संयोग कधी घडवला हे कोणास ठाऊक, पण तो इतका नैसर्गिक आहे की जणू ऋतूनेच पाककृती लिहून दिली असावी. मातीच्या मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, रताळी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मग मडके जमिनीवर उपडे घालायचे आणि सभोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून आग द्यायची. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांचा आणि पाल्याचा अंगचा ओलावाच वाफ होऊन सारे शिजवतो. वलसाडकडचे उंबाडियू याच जातीचे, आणि हवाई बेटांवर तापल्या दगडांच्या खड्ड्यात पानांनी झाकून मांस शिजवण्याची जी पद्धत आहे तिचे तत्त्वही हेच. पोपटीच्या बाजूला तीन दगडांवर जाळी ठेवून करवंट्यांचे निखारे पाडले जात होते, ते माशांसाठी.

आग लागली आणि वादही लागला.

भाऊसाहेब : नाखवा, हे अंगण, ही आगटी आणि हा समोरचा समुद्र पाहून मला खरोखर वाईट वाटते. या बेटाला 1987 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरी कायमची वीज यायला फेब्रुवारी 2018 उजाडावा लागला, तीही समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि मग काळोख. लोक सकाळी लाँचने येतात, लेणी पाहतात आणि उन्हे कलण्यापूर्वी परततात; मुक्कामाची मुभा नाही. गावाला उत्पन्न काय, तर पायऱ्यांवरची दुकाने. याच किनाऱ्यावर रीतसर परवाना घेतलेल्या, पानांनी शाकारलेल्या पाच-दहा खानावळी असत्या, तर माणसे बालीला कशाला गेली असती? जून 2020 मध्ये राज्य सरकारने किनाऱ्यावरच्या अशा झोपड्यांचे धोरण मंजूर केले. पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांतील आठ किनारे पहिल्या टप्प्यात निवडले आणि रोजगाराचा 80 टक्के वाटा स्थानिकांना ठेवला. तेच येथे व्हावे आणि नेरूळच्या जेट्टीजवळही व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाखवा : भाऊसाहेब, कागदाला माझा विरोध नाही. कागद कोणाच्या नावे निघतो आणि दोन वर्षांनी कोणाच्या पेटीत जाऊन पडतो, एवढाच माझा सवाल आहे. नवी मुंबईसाठी आमच्या पंचाण्णव गावांच्या जमिनीचे कागद निघाले, तेव्हा आम्हालाही शहर येणार, सुबत्ता येणार, असेच सांगितले गेले. खाजणे गेली, मिठागरे गेली, भाताचे बांध गेले. 1984 च्या जानेवारीत जासईच्या बाजूला गोळीबार होऊन पाच माणसे हुतात्मा झाली, आमचे नेते दि. बा. पाटलांनी लढा उभा केला, तेव्हा कोठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची गोष्ट मान्य झाली. आता उरला आहे किनारा. त्याचा सातबारा आमच्या नावे कधीच नव्हता. होती ती वहिवाट. जाळे कोठे वाळवायचे, होडी कोठे ओढायची, कालवे कोणत्या खडकावरून काढायची, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले. तुम्ही त्यावर परवाना काढला की त्याचा लिलाव होणार, लिलाव झाला की मक्तेदार येणार, आणि ज्या खडकावर माझ्या आईने कालवे फोडली, त्या खडकावर तो खुर्ची टाकून माझ्याकडून पैसे घेणार.

भाऊसाहेब : मक्तेदार येतो, हे मी नाकारत नाही, सबंध नोकरीत मी पोटभाड्याचे व्यवहार पाहिले आहेत. परवाना गरिबाच्या नावे आणि गल्ला सावकाराच्या हाती, ही तक्रार गोव्यातही आहे. पण गोव्याने त्यातून काही शिकले, हेही पाहा. तेथे बांबू आणि माडाच्या झावळ्यांची तात्पुरती झोपडी हंगामापुरती उभी राहते आणि पावसाळ्यापूर्वी ती काढावीच लागते. पोटभाड्याने देण्यास मनाई आहे. मनाई मोडणारे तेथेही निघतात. पण मनाई कागदावर आहे म्हणूनच ती मोडल्याची तक्रार करता येते. तुमच्या वहिवाटीची तक्रार तुम्ही कोणत्या दफ्तरात नोंदवणार? ज्या हक्काचा दस्तऐवज नाही, तो हक्क बळकट माणसाच्या सोयीने चालतो, नाखवा.

हा मुद्दा नाखवांना बोचला असावा. ते उठले, मडक्याभोवतीच्या आगीत पेंढ्याची एक पेंडी सारली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दरम्यान घरच्या बाईंनी जाळीवर बांगडे मांडले होते. निखाऱ्यावर कोणता मासा घालावा याचेही एक शास्त्र आहे. बांगड्याच्या अंगी तेल असते, त्यामुळे तो निखाऱ्यावर कोरडा पडत नाही. ताजा बोंबील मात्र इतका पाणीदार की जाळीवर ठेवताच त्याचा चेंदा व्हावा, म्हणून तो एक तर दाबून, पाणी काढून तव्यावर तळतात, नाही तर उन्हात कडक वाळवून मग भाजतात. चिंबोरी अख्खी निखाऱ्यात सारायची आणि कवच लाल झाले की काढायची. कालवांना तर काहीच करावे लागत नाही, उष्णता लागली की शिंपला स्वतःच तोंड उघडतो. ज्वाळा विझून निखाऱ्यावर राखेचा पातळ पापुद्रा येईपर्यंत थांबायचे, हा मात्र साऱ्यांना समान नियम. जो थांबत नाही त्याला बाहेरून करपलेले आणि आतून कच्चे खावे लागते.

भाऊसाहेबांना हे थांबणेच मान्य नव्हते.

भाऊसाहेब : माझी दुसरी तक्रार वेळेची आहे. आपण अकराला आलो. जेवण कधी, असे विचारले तर उत्तर मिळाले, ‘होईल’. शहरातला माणूस मुलाबाळांना घेऊन आला, परतीची लाँच ठरलेली, आणि त्याला कोणी ‘होईल’ म्हणाले, तर तो पुन्हा येणार नाही. निवांतपणा हवा, पण त्यालाही वेळापत्रक हवे.

नाखवा : वेळापत्रक आहे, भाऊसाहेब, ते तुमच्या मनगटावर नाही, इतकेच. तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज पाऊण तासाने पाणी पुढे सरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पार बांधाशी येते आणि ओहोटीला पार लांब जाऊन चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला धड चढतही नाही, धड उतरतही नाही. होडी कधी लावायची, जाळे कधी टाकायचे, कालवे कधी काढायची, हे त्यावर ठरते. बाहेरून येणाऱ्याला आम्ही पारावर बसलेले दिसतो आणि तो म्हणतो, बेटावरची माणसे किती सुखी, किती संथ! आम्ही संथ नसतो, आम्ही पाण्याची वाट पाहत असतो. पाणी आले की मध्यरात्र असो, पहाट असो, माणूस घरात राहत नाही.

नाखवांचे हे म्हणणे मला फार महत्त्वाचे वाटले, आणि आजही वाटते. उष्ण कटिबंधातील बेटांचे जे चित्र पर्यटनाच्या व्यापाराने जगभर पसरवले आहे, त्यात तेथील माणसाच्या विश्रांतीलाच त्याचा स्वभाव समजण्यात येते आणि त्याचे श्रम चौकटीबाहेर ठेवले जातात. वस्तुतः किनाऱ्यावरच्या आगटीचा उगम बहुतेक ठिकाणी श्रमात, आणि कित्येक ठिकाणी संकटात आहे. जमैकाच्या ज्या मसालेदार भाजलेल्या मांसाने आज जगातल्या खवय्यांना वेड लावले आहे, ते मुळात गुलामगिरीतून निसटून डोंगरांत आश्रय घेतलेल्या मरून लोकांचे अन्न. रानडुकराचे मांस मसाल्यात मुरवून, जमिनीतल्या खड्ड्यात झाकून शिजवायचे, की धूर दिसून माग लागू नये, असे तेथील परंपरा सांगते. 1739 मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. आज तेथील बॉस्टन बे येथे रस्त्याकाठी पिमेंटोच्या लाकडावर तेच मांस भाजले जाते आणि प्रवासी लाकडी बाकांवर बसून ते कागदावर घेऊन खातात. बालीतील जिंबारनच्या वाळूवर नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांवर मासे भाजतात, तेथेही पाया कोळ्यांच्या वस्तीचाच आहे. ही माहिती मी तेथे मांडली, तेव्हा भाऊसाहेबांनी तिच्यावर तत्काळ आपला हक्क सांगितला.

भाऊसाहेब : म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. ज्या अन्नाचा धूर लपवावा लागत होता, ते आता उघड्यावर, प्रतिष्ठेने, दाम घेऊन विकले जाते. दाम घेण्यात कमीपणा कसला? नाखवा, मी आता जे सांगणार आहे, ते मनापासून ऐका. आमच्या रायगडात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, जिताडा या माशाची भेट प्रसिद्ध होती. तळ्यात वाढवलेला मोठा जिताडा साहेबाच्या बंगल्यावर पोहोचला की अडलेला कागद हलतो, असे सारे म्हणत, आणि ते खोटे नव्हते. साहेबाचा दौरा निघाला की कोणाच्या तरी अंगणात आगटी पेटे, कोंबडी कापली जाई, खाडीतला उत्तम मासा येई. साहेब ढेकर देऊन म्हणत, ‘काय अगत्य आहे या लोकांचे!’ त्या अगत्याचा दाम कोणी दिला नाही, कारण अगत्याला दाम विचारणे असभ्य मानतात. मी त्या पंगतींच्या कडेला वही घेऊन उभा राहिलेला माणूस आहे. गरिबाच्या आतिथ्यावर किंमत लिहिलेली नसली की बलवानासाठी ते आतिथ्य राहत नाही, त्याची वेठ होते. म्हणून मला दरपत्रक हवे. म्हणून मला पावती हवी. तुम्हाला वाटते की मी किनाऱ्यावर कचेरी आणतो आहे. मी तुमच्या अंगणातून कचेरीला बाहेर काढू पाहतो आहे.

इतका वेळ जे भाषण मला नियमप्रिय कारकुनाचे वाटत होते, त्याच्या मुळाशी अशी वेदना असेल याची कल्पना नव्हती. नाखवांनाही ती नसावी. त्यांच्या उत्तरात आता पूर्वीची धार नव्हती, पण आपली जागा त्यांनी सोडली नाही.

नाखवा : हे तुम्ही बोललात, ते आमच्या घरात म्हातारी माणसे बोलत. जिताडा घरचा, आणि पोरांनी त्याचे डोकेसुद्धा पाहिले नाही, असे दिवस होते. दाम घ्यावा, हे मला पटले. परंतु एक गोष्ट राहते. घरधनी पाहुण्याला ‘नाही’ म्हणू शकतो. दुकानदार म्हणू शकत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. मासा त्या दिवसांत अंडी घालतो, समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय आमचे जुने लोक जाळे बाहेर काढत नसत. पण पाटी लावलेल्या खानावळीत गिऱ्हाईक आषाढात पापलेट मागणार, आणि परवान्याची फी भरून बसलेला माणूस त्याला शीतगृहातले, कुठून आले कोण जाणे, असे पापलेट भाजून देणार. वालाच्या शेंगा चैत्रात नसतात, तर तो वाटाणे घालून पोपटी लावणार, भांबुर्डा नाही तर कोबीचा पाला भरणार. मग तुमच्या दरपत्रकावर नाव पोपटीचे आणि मडक्यात भलतेच. माणसाला ‘आज मासा नाही, पोपटीचा हंगाम संपला, मडके रिकामे झाले’ असे सांगण्याचा हक्क तुमच्या परवान्यात लिहून देणार का?

भाऊसाहेब : का लिहू नये? परवान्याला मुदत असते, तसा हंगाम असावा. मार्गशीर्ष ते फाल्गुन, म्हणा.

नाखवा : आणि माणसांची संख्या?

भाऊसाहेब : जितका मासा, तितकी माणसे.

नाखवा : असा परवाना तुमच्या साऱ्या नोकरीत तुम्ही कधी लिहिला होतात?

भाऊसाहेब : नाही. पण लिहिता आला असता.

मग किनाऱ्यावरच्या तिवरांचा विषय निघाला, पण तो त्यांनी फार वाढवला नाही, कारण तेथे दोघांचे एकमत होते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तिवरांच्या तोडीस मनाई केली आणि 2018 च्या अंतिम निर्णयात तिवरांभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखण्याचे बंधन घातले. त्यामुळे नेरूळच्या किनाऱ्यावर जे काही होईल ते या हद्दीबाहेरच व्हावे, हे भाऊसाहेबांनी कायदा म्हणून सांगितले आणि निवट्या, कोलंबी व चिंबोऱ्यांची पिले तिवरांच्या मुळाशीच वाढतात, हे नाखवांनी अनुभव म्हणून सांगितले. आगटीसाठी तिवराचे लाकूड तोडायचे नाही, हेही ओघानेच ठरले. करवंट्या आणि गोवऱ्या पुरेशा आहेत.

या सबंध वेळात घरच्या बाई मासे उलटत होत्या. आता पोपटीच्या मडक्यावर त्यांनी ओल्या हाताने पाणी शिंपडले. ‘चर्र’ असा आवाज झाला. तांदळाच्या भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवलेल्या होत्या. मडके पालथ्याचे उलथे करून केळीच्या पानावर रिते करीत त्या बोलल्या ते थोडेच, पण त्याने वादाचे सारे वळण बदलले.

बाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं परवाना पुरुषाच्या नावानं लिहिताय. मासा ह्यांनी आणला खरा. पण निवडला कोणी, मसाला वाटला कोणी, भाकऱ्या कोणी थापल्या? नेरूळला रामलीला मैदानावर आगरी-कोळी महोत्सव भरतो, तिथं आमच्या बहिणींनी बचत गटाचा स्टॉल लावला होता. पैसा त्यांच्या हातात पडला, हिशेब त्यांनी ठेवला, कोणाला पुढच्या वेळी यायला सांगायचं तेही त्यांनीच ठरवलं. कागद करायचा तर चूल जिची तिच्या नावानं करा. मग मी हंगाम पण सांभाळीन आणि दाम पण घेईन.”

भाऊसाहेबांनी लगेच सांगितले की, 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने मोठ्या धंद्याला परवाना आणि लहान विक्रेत्याला साधी नोंदणी अशी तजवीज केलेली असून, ती नोंदणी एकट्या स्त्रीच्या नावे होण्यास कोणतीही आडकाठी नाही. नाखवांनी मान हलवली. कोळ्यांच्या घरी मासा धरणारा पुरुष आणि मासा विकणारी स्त्री, ही विभागणी मुंबईच्या सगळ्या बाजारांना ठाऊक आहे. बाजारात भाव करणारी तीच, उधार देणारी तीच, गिऱ्हाईक राखणारी तीच. मग किनाऱ्यावरच्या आगटीचा प्रश्न निघताच आमच्या तिघांच्याही बोलण्यातून ती वगळली कशी गेली, हे मला त्या क्षणी उमजले नाही. धोरणे लिहिणाऱ्यांच्या कागदांतूनही ती अशीच वगळली जाते. ‘स्थानिक’ हा शब्द लिहिला की आपले कर्तव्य झाले असे त्यांना वाटते, आणि त्या शब्दाच्या पोटात घर, चूल आणि श्रम कोणाचे हे पाहण्याचे राहून जाते.

जेवण झाले. वालाच्या शेंगा पाल्याच्या वासाने भरून गेलेल्या होत्या, दाणा बोटाच्या चिमटीत सुटत होता, मीठ लागेल तेथे लागलेले आणि नसेल तेथे नसलेले. असे अन्न मापात बसत नाही आणि त्याने बसूही नये. भाऊसाहेबांनी जेवणाचे पैसे बाईंच्या हाती दिले. त्यांनी नको म्हटले नाही. नाखवांनी ते पाहिले आणि त्यावर काही भाष्य केले नाही, यावरून त्यांचे मत किती सरकले होते याचा अंदाज करता येतो. तथापि मक्तेदाराविषयीची त्यांची शंका अणुमात्र कमी झाली नव्हती, आणि परतीच्या होडीत त्यांनी ती पुन्हा बोलून दाखवली : आज तुम्ही आलात, उद्या तुमच्यामागून पैसेवाला येईल. भाऊसाहेबांपाशी याचे पुरते उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नाही, किनाऱ्याला भाव आला की किनारा कोणाचा, हा प्रश्न जगातल्या कोणत्याही बेटाने अद्याप समाधानकारक रीतीने सोडवलेला मला माहीत नाही.

परंतु अनुत्तरित प्रश्नाच्या आडोशाने निर्णय टाळता येणार नाही. घारापुरीला आणि नेरूळला उघड्यावरची भोजनस्थळे येणारच आहेत; लोकल उरणपर्यंत आली, सागरी सेतू झाला, शहर दाराशी आहे. तेव्हा माझा कौल पुढीलप्रमाणे आहे. किनाऱ्यावर आगटी लावून अन्न विकण्याची नोंदणी, जी स्त्री ते अन्न रांधते तिच्याच नावे व्हावी. ती गहाण टाकता, विकता किंवा पोटभाड्याने देता येऊ नये. लिलाव तर मुळीच होऊ नये. पक्के बांधकाम नसावे. हंगाम भाताच्या कापणीनंतर सुरू व्हावा आणि पावसाळ्यापूर्वी संपावा. मासा संपला की दिवस संपला, असे सांगण्याचा अधिकार नोंदणीच्या कागदावर स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा, जेणेकरून गिऱ्हाईकाच्या आग्रहाला आणि हाकिमाच्या हुकमाला तोच कागद दाखवता येईल.

हे होईपर्यंत वाचकाने आपल्यापुरते एवढे करावे. पौषात बेटावर जाल तेव्हा जेवणाची वर्दी आदल्या दिवशी द्यावी; तिथी पाहून निघावे; सोमवारी लेणी बंद असतात हे ध्यानात ठेवावे; जे त्या दिवशी खाडीने दिले असेल तेच मागावे; बरोबर नेलेला कचरा बरोबर परत आणावा; आणि दाम किती हे जेवणापूर्वी विचारून, तो चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हाती, तिने सांगितला तितका, घासाघीस न करता द्यावा.